आधी स्वतःच्या खरेदीच्या अटी काढून वाचा

नोकरीची सगळी वर्षं मी कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. त्यामुळे महिलांचे किंवा अल्पसंख्य, मागे राहिलेल्या समाजातल्या लोकांचे छोटे उद्योग वाढावेत म्हणून काय करता येईल असं कुणी विचारलं, की प्रशिक्षण शिबिर आणि सत्कार समारंभ माझ्या यादीत येतच नाहीत. मी म्हणते, तुमच्या टेंडरच्या अटी दाखवा आणि मागच्या वर्षभरात बिलं किती दिवसांनी निघाली ते दाखवा. कंपनी असो, हॉस्पिटल असो की कॉलेज, ज्यांच्या सहीने पर्चेस ऑर्डर निघते त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

अटींचा कागद बहुतेक ठिकाणी जुन्या, कुठल्या तरी भल्यामोठ्या कामावरून उचललेला असतो. त्यात साधारण असं वाक्य सापडतं: ‘पुरवठादाराची मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या दुप्पट असावी, त्याने समकक्ष संस्थेसाठी याच स्वरूपाचे काम पूर्ण केलेले असावे व निविदेसोबत बयाणा रक्कम भरावी.’ आता खरेदी कशाची? कामगारांच्या गणवेशाची. उलाढालीवरून तुम्हाला त्या माणसाची कुवत कळायला हवी आहे ना? मग शिलाई मशीन किती, कारागीर किती, दिवसाला किती शर्ट निघतात ते विचारा. उद्योग दोन वर्षांचा असेल तर तीन वर्षांची अट त्याला आत येण्याआधीच बाहेर काढते, मग तिथलं काम कितीही चोख असो. ‘समकक्ष संस्था’ ही तर गंमतच आहे: मोठ्यांकडे काम केल्याशिवाय मोठ्यांकडे काम नाही! बयाणा रकमेत छोट्या माणसाचं खेळतं भांडवल निकाल लागेपर्यंत अडकून पडतं. भारत सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा माफ केला, टेंडरचा फॉर्मही फुकट दिला. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेला जे जमतं ते तुमच्या आमच्या ऑफिसला जमायला हरकत नाही.

यानंतर ऑर्डरचा आकार. गणवेश, छपाई, स्टेशनरी, हाउसकीपिंग असं सगळं एकत्र बांधून एकालाच वर्षाचं कंत्राट द्यायची पद्धत असते, कारण अकाउंट्सला एकच बिल लागतं. हे गाठोडं सोडा. वस्तूप्रमाणे तोडा, नाहीतर ठिकाणाप्रमाणे तोडा. दर वाढतील अशी ओरड होईलच. तेव्हा सगळं न तोडता एक तुकडा, समजा पाचवा हिस्सा, वेगळा काढा आणि बाकीचा जुन्या पुरवठादाराकडे राहू द्या. नव्या माणसाचा माल चार दिवस उशिरा आला तरी काम अडत नाही, आणि त्याच्यावरही पहिल्याच ऑर्डरला जीव टांगणीला लावायची वेळ येत नाही.

अशा उद्योगांकडून इतके टक्के खरेदी करू, अशी नुसती टक्केवारी जाहीर करून थांबू नका. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या कंत्राटांपैकी ५ टक्के रक्कम महिलांच्या लघुउद्योगांकडे जावी असं लक्ष्य ठरवलं. ते पहिल्यांदा गाठलं गेलं २०१५ च्या आर्थिक वर्षात. मधे, २०११ पासून, काही कंत्राटांसाठी फक्त महिलांच्या लघुउद्योगांतच स्पर्धा घेण्याची सोय लागू झाली होती. म्हणून मी मीटिंगमध्ये टक्का विचारत नसे. पुढच्या तिमाहीत कोणती वस्तू, कुणाच्या टेबलावरून आणि कोणत्या तारखेला निघणार, हे विचारायचे. यातलं एकही उत्तर आलं नाही तर तो टक्का वार्षिक अहवालापुरताच आहे, असं खुशाल समजा.

खरी मेख मात्र पैशात आहे. एका ऑर्डरचा हिशेब दिवसांत मांडून बघा. पहिल्या दिवशी गणवेश शिवून देणाऱ्या एका बाईला ऑर्डर मिळते. तिसऱ्या दिवशी ती बाई कापड घेते, तेही रोखीने, कारण गिरणीचा डीलर नव्या गिऱ्हाइकाला उधारी देत नाही. विसाव्या दिवशी माल गेटवर पोचतो. तपासणीसाठी तो आठवडाभर स्टोअरमध्ये पडून राहतो, कारण क्वालिटीचा माणूस दुसऱ्या कामात असतो. मग बिल अकाउंट्सला जातं आणि तिथे तुमचे साठ दिवस सुरू होतात, माल आल्यापासून नव्हे तर बिलावर शिक्का पडल्यापासून. म्हणजे कापडाला घातलेला पैसा नव्वदाव्या दिवसाच्या आसपास परत येतो. दरम्यान तिने शेवटच्या आठवड्यापर्यंत मजुरी दिलेली असते. आणि तुम्ही खूश होऊन तिसाव्या दिवशी दुप्पट ऑर्डर दिलीत तर? तिला पहिले पैसे हातात नसताना दुप्पट कापड घ्यायचं आहे. चांगलं काम करणारे छोटे उद्योग असे भरभराटीच्या तोंडावरच बसतात. बाहेरून वाटतं, झेपलं नाही बिचारीला.

बँकेकडे जावं म्हणाल, तर बँक तारण मागते, आणि घर-जमीन बहुतेक वेळा बाईच्या नावावर नसते. अमेरिकेतसुद्धा १९८८ चा कायदा येईपर्यंत काही राज्यांत बाईला व्यवसायाच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही आणावी लागे. सहीची अट गेली, तारण राहिलंच.

तेव्हा तुमच्या हातात काय आहे? मुदत बिलाच्या शिक्क्यापासून न मोजता माल गेटवर आल्याच्या तारखेपासून मोजा. तपासणीला ठरावीक दिवस द्या, समजा तीन, आणि तेवढ्यात हरकत आली नाही तर माल मंजूर धरा. छोट्या पुरवठादारांची बिलं महिनाअखेरीच्या ढिगात न टाकता आठवड्याला काढा. पहिल्या ऑर्डरला कापड तुम्हीच द्या आणि फक्त शिलाईचं बिल घ्या, म्हणजे जॉब वर्क. पण ही सोय पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरपुरतीच. कायम जॉब वर्कवर ठेवलंत तर मालावरचा नफा तिच्या हाती कधीच लागत नाही आणि खरेदी कशी करायची तेही ती शिकत नाही. पुढच्या ऑर्डरला मालापुरता अ‍ॅडव्हान्स द्या, हवं तर थेट डीलरच्या खात्यात.

कायदे आहेतच. भारतात २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात सरकारी संस्थांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. पण स्वतःच्या एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार? मीही त्यांच्या जागी केली नसती. म्हणून कायद्याचा धाक दाखवला जाईपर्यंत थांबू नका.

माल नापास झाला तर कारण नीट लिहा. ‘क्वालिटी ओके नाही’ या शेऱ्याने कुणाचं काही सुधारत नाही. ‘कॉलरच्या शिलाईला इंचाला ८ टाके, मंजूर नमुन्यात १०’ असं लिहिलंत तर ती त्याच संध्याकाळी मशीन लावून घेते. मंजूर नमुन्याच्या दोन प्रती सील करून दोघांकडे एकेक ठेवा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

आणि एक, हे लिहायचीही लाज वाटते. समोर मालकीण बसलेली असताना ‘मिस्टर येणार आहेत का?’ असं विचारू नका. दर तिला विचारा.

उलटा प्रश्नही येतो: कागदावर बायकोचं नाव, धंदा नवऱ्याचा, असं असेल तर? असे मुखवटे असतात. अमेरिकेत म्हणूनच निदान ५१ टक्के मालकी आणि शिवाय प्रत्यक्ष कारभारही बाईचाच लागतो, आणि दक्षिण आफ्रिकेने २०१३ च्या दुरुस्तीने कृष्णवर्णीयांच्या नावाखाली चालणारी अशी दाखवायची मालकी फौजदारी गुन्हा ठरवली. तुम्ही युनिटवर जा. चेकवर सही कुणाची, माणूस कामावर कोण ठेवतं, दर कोण ठरवतं, एवढं विचारा. नवरा किंवा भाऊ मदतीला आहे म्हणून लगेच संशय घेऊ नका, घरचे धंदे असेच चालतात. ‘एवढ्या दरात आम्हाला परवडत नाही’ हे ती कुणाकडे न बघता म्हणते का, ते बघा.

तिच्या एकूण विक्रीतला अर्ध्याहून जास्त माल तुम्हीच घेत असाल तर तिला दुसरं गिऱ्हाईक मिळवून द्या. तुमच्या ओळखीच्या एका खरेदीवाल्याला केलेला फोन इथे कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा जास्त चालतो. उद्या तुमचं बजेट कापलं गेलं तर तिच्या कारागिरांना घरी बसावं लागू नये.

कोटेशन हरलेल्यांनाही कळवा. बहुतेक खरेदीवाले हे करत नाहीत, वेळ नसतो म्हणतात. दर जास्त होता की डिलिव्हरीची तारीख लांब होती की कागद अपुरे होते, तेवढी एक ओळ पुरते. सोबत त्या वस्तूसाठी पुढचे दर कोणत्या महिन्यात मागवाल तेही लिहा, म्हणजे तिला कापडाचा दर आधीच काढून ठेवता येतो.