मेन बंद होतं, तरी शॉक बसला

मेंटेनन्समध्ये लागून तिसराच आठवडा. मोटरच्या स्टार्टर पॅनेलमधला काँटॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच, बदलायचा होता. आयसोलेटर, म्हणजे पॅनेलचा मेन स्विच, मी स्वतः बंद केला, तिन्ही फेजना टेस्टर लावला, दिवा लागला नाही. स्क्रू सैल करताना बाजूच्या एका बारीक वायरला बोट लागलं. डावा हात पॅनेलच्या पत्र्यावर टेकलेला. म्हणजे करंट या हातातून त्या हातात, थेट छातीतून. स्टुलावरून खाली पडलो तो कोपरावर. शॉकपेक्षा कोपरच जास्त दिवस दुखलं.

ती वायर इंटरलॉकची, म्हणजे दुसरं यंत्र ठीक असेल तरच हे चालू होऊ देणाऱ्या जोडणीची. तिचा सप्लाय शेजारच्या पॅनेलमधून येत होता. ड्रॉइंगमध्ये तसं दाखवलेलं होतं, पण मी ड्रॉइंग उघडलंच नव्हतं. "मेन बंद केलं होतं," असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. सीनियर वायरमननी एवढंच विचारलं, "कुठलं मेन?"

तेव्हापासून पॅनेल उघडण्याआधी सप्लाय कुठून कुठून येऊ शकतो ते आधी शोधतो: यूपीएस, जनरेटर, सोलर, शेजारचं पॅनेल. प्रत्येक ठिकाणी माझं कुलूप, माझ्या नावाचा टॅग, आणि किल्ली माझ्याच खिशात. मग मल्टिमीटर. आधी चालू पॉइंटवर लावून मीटर धड आहे का पाहायचं, मग कामाच्या जागी हात लागेल ती प्रत्येक वायर तपासायची, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरवर माझा भरवसा नाही. त्याचा दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या करंटवर लागतो; लाकडी स्टुलावर, भर उजेडात तो दिसेलच असं नाही. ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर सप्लाय तोडल्यावरही त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरलेले असतात. लेबलवर लिहिलेली वेळ थांबा, मग मोजा.

"एमसीबी आहे ना" हे वाक्य नवी मुलं फार म्हणतात. एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच. १६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवते. माणसाला ३० मिलिअँपिअरसुद्धा जीवघेणा ठरू शकतो. त्यासाठी आरसीसीबी असते, करंट जमिनीकडे गळू लागला की सप्लाय तोडणारी. पण एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर असेल, तर तीही पडेलच असं नाही.

कुणी चिकटलं तर त्याला ओढायला धावू नका, आधी सप्लाय तोडा.

मला काही झालं नाही म्हणून मी घरी निघालो होतो. सीनियरनी हाताला धरून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढायला लावला. दुसऱ्या दिवशी रजिस्टरात नोंदही माझ्याच हातून करून घेतली. त्या पॅनेलच्या दारावर आता लाल पट्टी आहे: 'आत दोन सप्लाय'. अक्षर माझंच आहे, जरा वाकडं, कारण कोपर तेव्हा वळत नव्हतं.