बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचे गाव कसे पाहावे : सोलापूरकरांसाठी कोलार गोल्ड फील्ड्सची मार्गदर्शिका

सोलापूरहून दक्षिणेकडे सहल काढायची म्हटले की विजापूर, हंपी, मंत्रालय, तिरुपती ही नावे आपोआप पुढे येतात. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ, हे नाव चित्रपटामुळे घराघरांत पोहोचले असले, तरी तेथे प्रत्यक्ष जाऊन काय पाहावे आणि ते कसे पाहावे, हे फारसे कोणी सांगत नाही. १८८० पासून आधुनिक पद्धतीने सुरू झालेले येथील खाणकाम २८ फेब्रुवारी २००१ रोजी थांबले, आणि तोपर्यंत या भूमीने सुमारे ८०० टन सोने दिले होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी या सोलापूरच्या आता बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातील घड्याळ चालत असे, त्यांना हे गाव परके वाटणार नाही. या मार्गदर्शिकेत माझा एकच आग्रह आहे : आधी कामगारांच्या वस्त्या पाहाव्यात, मग यंत्रे आणि ढिगारे, आणि सोन्याचा हिशेब सर्वांत शेवटी करावा.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी, ती म्हणजे येथे खाणीत उतरता येत नाही. खाणी बंद झाल्यावर पाणी उपसणारे पंपही थांबले, खालचे बोगदे पाण्याने भरले आणि शाफ्टची, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरांची, तोंडे बंद करण्यात आली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल होती आणि तळाशी खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असे. त्यामुळे ‘ओळखीने आत नेतो’ असे कोणी सांगितले, तर त्याच्यामागे जाऊ नये. जे पाहायचे ते सारे जमिनीच्या वरच आहे आणि ते एका दिवसात घाईने उरकण्याइतके थोडे मुळीच नाही.

प्रवासाची आखणी

सोलापूरहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेस किंवा कर्नाटक एक्सप्रेसने जाणे सर्वांत सोयीचे आहे. वेळापत्रके बदलत असल्याने ती आरक्षणाच्या वेळी तपासावीत, आणि जाण्याच्या तिकिटाबरोबर परतीचेही तिकीट काढून ठेवावे, कारण सणासुदीला या मार्गावर जागा मिळणे अवघड जाते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर घ्यावी, हे सोलापूरकराला वेगळे सांगावयास नको.

या प्रवासात उजेड असेल तेव्हा खिडकीजवळ बसावे. सोलापूर परिसराचा काळा खडक हा दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. कलबुर्गी मागे पडल्यावर शहाबाद आणि वाडीच्या आसपास चुनखडीचे सपाट थर लागतात. आपल्या घरांत, वाड्यांत आणि शाळांच्या ओसरीत वर्षानुवर्षे पायाखाली असलेली शहाबादी फरशी येथूनच आली. पुढे रायचूरच्या बाजूला मोठमोठ्या गोल शिळांच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या सुरू होतात. ज्याला खाणीचे गाव समजून घ्यायचे आहे, त्याने हा बदल डोळ्यांनी पाहून ठेवलेला बरा, कारण कोलारचे सोने ज्या पट्ट्यात सापडले तो खडक आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

बेंगळुरूहून केजीएफ साधारण १०० किलोमीटरवर आहे. मोटारीने जाता येते, परंतु माझी शिफारस रेल्वेचीच आहे. बेंगळुरू ते मारिकुप्पम अशा लोकल गाड्या बंगारपेठ जंक्शनवरून आत वळतात, आणि हा फाटाच मुळी खाणींसाठी घातलेला आहे. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम या स्थानकांच्या नावांतच खाणींचा इतिहास वाचता येतो. खाणी बंद झाल्यावर येथील हजारो लोक रोज पहाटे याच गाड्यांनी बेंगळुरूला कामाला जाऊ लागले आणि रात्री परतू लागले. आपण सकाळी उलट दिशेने जात असल्यामुळे बसायला जागा मिळते. मात्र समोरून येणाऱ्या खच्चून भरलेल्या गाडीकडे आवर्जून पाहावे. कारखाना बंद झालेले गाव कसे जगते, याचे उत्तर त्या गाडीत आहे. आपल्याकडून पुण्याला कामासाठी गेलेल्या मुलांची आठवण त्या वेळी झाल्यावाचून राहत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जाण्यास उत्तम. हवा थंड असते आणि दिवसभर पायी फिरता येते.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

लव्हेल नावाच्या आयरिश सैनिकाने १८७० च्या दशकात म्हैसूर संस्थानाकडून येथे खोदकामाचा परवाना मिळवला, पण त्याच्याजवळ पुरेसे भांडवल नव्हते. पुढे इंग्लंडच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० मध्ये सूत्रे हाती घेतली आणि म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम व नंदीदुर्ग या प्रमुख खाणी उभ्या राहिल्या. यंत्रांना वीज हवी म्हणून कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र बांधले गेले आणि १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज खाणींपर्यंत आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे १९०५ मध्ये लागले, म्हणजे आजच्या राजधानीच्या आधी खाणीला वीज मिळाली. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्य सरकारने ताब्यात घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. दरम्यान खनिजातील सोन्याचे प्रमाण घटत गेले, खोली वाढत गेली आणि सोने काढण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला.

भाषेच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहे. खाणकामगारांत तमिळ भाषकांची संख्या सर्वांत मोठी असली, तरी तेलुगू भाषक कुटुंबेही बरीच आहेत आणि राज्य कर्नाटक असल्यामुळे कन्नड सर्वत्र चालते. आपल्या गटात सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणारे एखादे पद्मशाली कुटुंब किंवा अक्कलकोटकडील कन्नड बोलणारे कोणी असेल, तर निम्मे काम तेथेच होते. दोन वाक्ये त्यांच्या भाषेत बोलली की दारे उघडतात.

वस्तीपासून सुरुवात

चॅम्पियन किंवा मारिकुप्पमला उतरून प्रथम कामगारांच्या ओळींत जावे. एकाला एक लागून असलेल्या बुटक्या खोल्यांच्या या रांगा पाहताना आपल्या गिरणगावातील चाळी डोळ्यांसमोर येतात. पूर्वी येथे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. पक्क्या खोल्या नंतर आल्या. एका खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून पाहावी, दाराची उंची पाहावी, सामायिक नळ कोठे होता ते विचारावे. त्यानंतर उरगाम भागात जाऊन इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रशस्त व्हरांड्यांचे, उतरत्या छपरांचे बंगले आणि क्लब पाहावा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. बंगले आधी पाहिले की ‘लिटल इंग्लंड’ म्हणून गावाचे कौतुक होते आणि खोल्या दुय्यम ठरतात. खोल्या आधी पाहिल्या की बंगल्याच्या प्रत्येक व्हरांड्याचा अर्थ लागतो.

या वस्तीत आजही माणसे राहतात, हे क्षणभरही विसरू नये. निवृत्त कामगारांची कितीतरी कुटुंबे त्याच घरांत आहेत. दारातून डोकावून छायाचित्र काढणे अशोभनीय आहे. नमस्कार करावा, कोठून आलो ते सांगावे, परवानगी मागावी. एखादे वृद्ध खाणकामगार बरोबर येऊन माहिती देण्यास तयार झाले, तर त्यांच्या वेळेचे मानधन आधीच ठरवून सन्मानाने द्यावे. त्यांना सोन्याविषयी विचारण्याऐवजी कामाच्या पाळीविषयी विचारावे : खाली उतरायला किती वेळ लागे, जेवणाचा डबा कोठे उघडत, ‘एअर ब्लास्ट’ झाला की वर घरातील भांडी कशी हादरत. खोल खडकावरील प्रचंड ताण अचानक मोकळा होऊन खडक फुटण्याच्या त्या घटनेला येथे याच नावाने ओळखतात आणि त्यात अनेकांचे प्राण गेले आहेत. खडकाच्या धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिसने फुप्फुसे निकामी झालेल्यांची संख्याही मोठी आहे. एखाद्या घरी हा विषय निघाला, तर शांतपणे ऐकावे आणि ते चित्रित करण्याची घाई करू नये.

शाफ्टचा मनोरा कसा वाचावा

गावात कोठूनही नजरेस पडणारे लोखंडी मनोरे म्हणजे हेडगिअर. लांबून पाहणारा त्याचे छायाचित्र काढून पुढे जातो. पण थोडे थांबल्यास हा मनोरा बरेच काही सांगतो. माथ्यावर मोठी खोबणीची चाके असतात. त्यांवरून पोलादी दोर जाई आणि त्याला माणसांचा पिंजरा किंवा खनिजाचे पिंप लटकत असे. सहसा चाकांची जोडी असते, कारण एक पिंजरा वर येताना दुसरा खाली जात असे आणि दोन्हींचे वजन एकमेकांना तोलून धरत असे. आता मनोऱ्याचे पाय पाहावेत. काही पाय सरळ उभे, तर काही एका बाजूला तिरके पसरलेले दिसतात. दोर ओढणारे यंत्र ज्या बाजूला असे, त्याच बाजूला हे तिरके पाय असतात, कारण दोराची ओढ मनोऱ्याला तिकडे झुकवीत असे आणि तो ताण या पायांनी पेलायचा असे. त्या पायांच्या दिशेने नजर वळवली की यंत्रघराची इमारत किंवा तिचे अवशेष सापडतात. मुलांना घेऊन गेलात तर उत्तर न सांगता त्यांनाच यंत्रघर शोधायला लावावे.

हे सारे कुंपणाबाहेरून पाहायचे आहे. शाफ्ट आणि कार्यशाळांचा परिसर खाण कंपनीच्या ताब्यात असून तेथे पहारा असतो. महाविद्यालयाचा किंवा इतिहासप्रेमींचा गट नेणार असाल, तर संस्थेच्या लेटरहेडवर कंपनीच्या कार्यालयाकडे बरेच आधी लेखी अर्ज करावा आणि परवानगी मिळाली तरच आत जावे. पडक्या इमारतींच्या छपरांखाली उभे राहू नये, आणि गवतात झाकलेले जुने खड्डे असू शकतात म्हणून पायवाट सोडू नये.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगावी. १९६५ मध्ये याच खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान व इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला. वरून येणारे इतर कण दोन किलोमीटर खडकात अडून राहत आणि न्यूट्रिनो मात्र आरपार जात, म्हणून इतकी खोल जागा त्यांना हवी होती. ती जागा खाणकामगारांच्या श्रमाने आधीच तयार झालेली होती.

सायनाइडच्या टेकड्या

गावाभोवतीच्या पांढुरक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या निसर्गाने केलेल्या नाहीत. खनिज दळून त्याचे पीठ करायचे, सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवून घ्यायचे आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा, असे शंभर वर्षे चालले. त्याचे हे ढिगारे आहेत. पावसाने त्यांच्या अंगावर खोल घळी पाडल्या आहेत आणि त्या रस्त्यावरूनही स्पष्ट दिसतात. अशा १३ ढिगाऱ्यांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली आहे, त्यामुळे हे दृश्य पुढे असेच राहील असे धरून चालू नये.

अनेक जण या टेकड्यांवर चढून छायाचित्रे काढतात. तसे करू नये. गाळात रसायनांचे व जड धातूंचे अंश असतात, वाऱ्याबरोबर उडणारी बारीक धूळ छातीत जाते आणि घळींच्या कडा पायाखाली ढासळतात. रस्त्यावरून, शक्यतो वारा आपल्या पाठीकडून वाहत असताना पाहावे आणि मास्क जवळ ठेवावा. मुलांनी ती माती हाताळली तर लगेच हात धुवावेत. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी हा भाग गाळलेलाच बरा. आपण एका दिवसापुरते ती धूळ टाळू शकतो, येथील रहिवाशांना ती रोज सोसावी लागते.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

रॉबर्टसनपेठ ही येथील बाजारपेठ असून जेवणाची आणि साध्या मुक्कामाची सोय तेथे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पेद्दपल्ली येथील उशी-लाव्हाचा खडक पाहावा. पाण्याखाली लाव्हा ओतला गेला की तो उशांसारख्या गोळ्यांच्या आकारात गोठतो. येथील अशा खडकाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. त्यावर हातोडी चालवू नये किंवा तुकडा उचलून आणू नये. खाणींना पाणी पुरवणारा पालार नदीवरील बेतमंगलचा तलावही जवळच आहे. भाविकांना कम्मसंद्र येथील कोटिलिंगेश्वराचे आणि कोलार शहरातील कोलारम्मा व सोमेश्वराचे मंदिर याच फेरीत घेता येईल.

परतताना बंगारपेठला उतरून तेथील पाणीपुरी खावी. तिचे पाणी हिरवे किंवा तांबडे नसते, अगदी नितळ असते, आणि तरीही तिखट लागते. संध्याकाळी बेंगळुरूकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते, तरी सोलापूरची गाडी रात्रीची असल्यास दोन्ही गाड्यांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण शहराच्या तोंडाशी लोकल बराच वेळ थांबून राहण्याची शक्यता असते.