जांभळ्या आंबुटीने मान टाकली की पाणी बंद करा

25 मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याच्या आधीच अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 गाठतो आणि घरातली जांभळी आंबुटी, नर्सरीवाले जिला ऑक्सॅलिस म्हणतात, ती पाने टाकू लागते. तहानली म्हणून घरची माणसे तांब्या-तांब्या पाणी ओततात. दर उन्हाळ्यात कुंड्या जातात त्या या पाण्यापायी.

झाड मूळचे ब्राझीलकडचे. उन्हाळा तापला की वरचा पाला सोडून कंदात झोपते. झोपलेला कंद पाणी ओढत नाही, ओल साचते, कंद सडतो. म्हणून पाने पिवळी पडून लोळली की पाणी बंद, अगदी घोटभरही नको. वाळलेला पाला कापा आणि कुंडी माजघराच्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात सरकवा. कूलरसमोर तर मुळीच नको. तुषारांनी माती ओली राहते आणि पाणी न घालताही कंद कुजतो.

रात्री पाने मिटतात, ती या झाडाची रीतच आहे. त्याला घाबरून पाणी घालू नका.

शंका असेल तर माती उकरून एक कंद काढा. करंगळीएवढाही नसतो, अंगावर खवले असतात. दाबून कडक लागला तर जिवंत आहे. लिबलिबीत झालेले, वास मारणारे फेका. बाकीचे सावलीत सुकवून कोरड्या मातीत लावा.

कृषी केंद्रात पान दाखवले की टॉनिकची बाटली गळ्यात मारतात. झोपलेल्या कंदाला तिचा उपयोग नाही, वर ती पाण्यात कालवूनच घालायची, म्हणजे पुन्हा तीच ओल.

एरवीची कामे:
- माती: लाल माती 2 भाग, रेती 1, कुजलेले शेणखत 1. नुसती काळी माती नको.
- कुंडीला तळाशी भोक.
- जागा: पूर्वेची खिडकी.
- खत: वाढ चालू असताना महिन्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विरघळणारे खत), लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम.
- लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड): हिरव्या पानांवर 5 टक्के निंबोळी अर्क (50 ग्रॅम कुटलेली निंबोळी 1 लिटर पाण्यात रात्रभर), संध्याकाळी. उन्हाळ्यात गंधक फवारू नका, पाने करपतात.

माझा अंदाज असा, की मृगाच्या सरी पडून हवा निवली की कोंब फुटतो. कोंब डोळ्यांना दिसल्यावरच पहिले पाणी द्या, तेही कपभर. पुढचे पाणी वाफसा पाहून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की. या पानांत ऑक्झॅलिक आम्ल असते, तेव्हा कापलेला पाला शेळीपुढे टाकू नका.