स्टँडअपमधलं ‘सुरू आहे’

मी सेलूचा, परभणी जिल्हा. इंजिनिअरिंग संभाजीनगरला, नोकरी हिंजवडीत. सॉफ्टवेअरच्या नोकरीत नव्यानं लागलेल्या पोरांसाठी हे सांगतोय. गिट, एसक्यूएल ही कामाची अवजारं तुम्हाला येतातच, त्यावर बोलत नाही.

पहिल्या वर्षी एक तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, आलं. रिपोर्टचं पान उघडायला फार वेळ लागायचा, डेटाबेसच्या टेबलवर इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून सूची, टाकायचा होता. मॅनेजरनं विचारलं किती दिवस, मी छातीठोक सांगितलं, दोन. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये साधा इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवर लिहिणं अडकून राहतं, म्हणून लिहिणं न अडवता इंडेक्स बनवणारं ‘कॉन्करंटली’ लावायचं, हे मला माहीत होतं. पण डेटाबेसमधले बदल फाइलींतून चालवणारं आमचं मायग्रेशन टूल प्रत्येक फाइल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात, चालवायचं आणि ट्रान्झॅक्शनच्या आत कॉन्करंटली चालतच नाही. एरर समोर होती, वाट सापडत नव्हती.

मंगळवारी स्टँडअपला, म्हणजे कोण काय करतंय ते सांगायच्या टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, म्हणालो, “सुरू आहे.” बुधवारी, “सुरू आहे, होतच आलंय.” शेजारी सीनियर बसायचे, चेहरा कायम आंबट. विचारायची हिंमत झाली नाही. आपल्याकडं वर्गात शंका विचारणारा ढ ठरतो आणि मोठ्यांना ‘जमंना’ म्हणणारा उद्धट. त्यात लातूर पॅटर्नमध्ये घासून आलेल्यांना पेपर मुकाट सोडवायची सवय. ऑफिसात तो पेपर कुणासाठी सोडवायलोय, हेच आधी विचारावं लागतं.

गुरुवारी क्लायंटसमोर डेमो. मॅनेजरनं पान उघडलं आणि ते नुसतं गोल गोल फिरत राहिलं. नंतर तो ओरडलाही नाही. “उशीर चालतो रे. मंगळवारी सांगितलं असतंस तर हे पान मी डेमोत घेतलंच नसतं.”

इथं नीट थांबा. डेमोत काय दाखवायचं हे ठरवणं त्याच्या हातात होतं, माझ्या नाही. मी ‘सुरू आहे’ म्हणत राहिलो आणि त्याला ते ठरवताच आलं नाही. मी याला कष्ट समजत होतो, खरं तर ती लपवाछपवी होती. एकदा झालं तर माफ असतं. तिसऱ्यांदा झालं की तुमच्या ‘दोन दिवसां’चे लोक मनात चार धरतात आणि चांगलं काम दुसऱ्याकडं जातं.

संध्याकाळी त्याच आंबट सीनियरनी त्या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करायची एक ओळ दाखवली. दहा मिनिटं लागली. म्हणून सांगतो, पैसे घेऊन मेंटरगिरी करणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुमच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे तपासायला पाठवलेल्या कोडवर, वीस कॉमेंट टाकून डोकं खाणारा माणूस धरा. लगेच अप्रूव्ह करणारा गोड मित्र चहापुरता ठीक.

आता अर्धा दिवस स्वतः झगडतो, मग टीमच्या ग्रुपवर चार ओळी टाकतो: काय करायचंय, काय करून पाहिलं, एरर जशीच्या तशी, आणि आज सुटलं नाही तर कुणाचं काय अडेल. नवी पोरं हमखास चौथी ओळ गाळतात, आणि मॅनेजर तीच वाचतो.

इंग्रजीची लाज वाटत असेल तर ऐका. माझ्या पहिल्या अशा मेसेजात दोन स्पेलिंग चुकली होती. सात मिनिटांत उत्तर आलं, आणि ते स्पेलिंगबद्दल नव्हतं.