ॲनिमल हाउसमध्ये काम सुरू करताना: प्रयोगशाळेतील प्राण्यांची रोजची देखभाल

सकाळी प्राण्यांच्या खोलीत शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे कशालाही हात लावू नये. ट्रॉली, बाटल्या, दाण्याचा डबा सगळे दाराशीच ठेवावे, रॅकसमोर उभे राहावे आणि नुसते पाहावे. माउस (लहान जातीचा उंदीर) आणि रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) हे मुळात दुसऱ्याचे भक्ष्य होणारे प्राणी आहेत. आजारपण उघड झाले की शिकाऱ्याचे लक्ष जाते, त्यामुळे माणसाची चाहूल लागताच दुखणे लपवण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असते. पिंजरा ओढल्याक्षणी सगळेच प्राणी पळापळ करतात आणि त्या गडबडीत आजारी प्राणीसुद्धा निरोगी दिसतो. परळ भागातील ॲनिमल हाउसमध्ये मी बरीच वर्षे काम केले आहे. पिंजरे धुणे आठवड्याभरात जमते, पण पाहायला शिकण्यासाठी वर्ष लागते, असे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते.

काय पाहायचे, ते सांगते. निरोगी माउस दिलेल्या टिश्यू पेपरचे तुकडे करून गोल, उंच कडांचे घरटे बांधतो. काल बांधलेले घरटे आज विस्कटलेले असेल आणि कागद तसाच पडून असेल, तर त्या पिंजऱ्यासमोर थांबावे. पाठीला पोक काढून कोपऱ्यात एकटा बसलेला, केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि कान मागे घेतलेला प्राणी बहुधा वेदनेत असतो. रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लालसर कड दिसली की नवीन माणूस रक्त समजून घाबरतो. प्रत्यक्षात तो डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा पॉर्फिरीन नावाचा रंगीत स्राव असतो. धडधाकट रॅट तोंड धुतल्यासारखे पंजांनी तो पुसून टाकतो. तो साचू लागला, याचा अर्थ प्राणी ताणात आहे किंवा आजारी आहे आणि त्याने स्वतःची स्वच्छता सोडून दिली आहे. अशा वेळी पिंजऱ्याचा क्रमांक, वेळ आणि जे दिसले ते साध्या शब्दांत वहीत लिहावे आणि लगेच पशुवैद्यकांना कळवावे. रोगाचे नाव आपण ठरवू नये. ‘क्रमांक अमुक, मागचा डावा पाय टेकत नाही, काल संध्याकाळी ठीक होता’ एवढी नोंद डॉक्टरांना पुष्कळ होते.

पाण्याच्या बाटलीबद्दल सविस्तर सांगते, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक तिथलीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका जोडसुट्टीत माझी पाळी होती. दोन्ही दिवस मी रॅकवरून नजर फिरवली, सगळ्या बाटल्या भरलेल्या दिसल्या आणि वहीत ‘पाणी आहे’ असे लिहिले. तिसऱ्या दिवशी एका पिंजऱ्यातील चारही माउस निपचित पडलेले सापडले. बाटली काठोकाठ भरलेली होती. तिच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता आणि पाण्याचा एक थेंबही खाली येत नव्हता. त्यांतील दोन वाचले. पूर्ण वाढलेला माउस दिवसाला साधारण चार ते सहा मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे चार माउसच्या बाटलीतील पातळी दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल इतकी उतरायलाच हवी. न उतरलेली पातळी हीच धोक्याची खूण होती आणि मी ती समाधानाची खूण मानली. तेव्हापासून बाटली लावल्यावर नळीच्या टोकावरील गोळीला मी बोट लावते आणि थेंब येतो की नाही ते पाहते. दुसऱ्या दिवशी पातळीची कालच्याशी तुलना करते. याच्या उलट प्रकारही घडतो. बाटली गळते, बेडिंग (पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेला भुसा) भिजते आणि ओला माउस थंडीने काही तासांत दगावतो. म्हणून बाटली लावल्यानंतर पाच मिनिटांनी मागे वळून एकदा खालचे बेडिंग पाहावे.

प्राणी उचलण्याची रीत वाचून शिकता येत नाही. ती अनुभवी माणसाच्या हाताशेजारी हात ठेवूनच शिकावी. तरी काही गोष्टी आधीच मनात पक्क्या हव्यात. माउसला शेपटीच्या बुडाशी धरून उचलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, मात्र पिंजऱ्यातच प्लॅस्टिकची नळी ठेवून माउसला आपणहून तिच्यात शिरू द्यावे आणि नळीसकट उचलावे, किंवा ओंजळीत घ्यावे, हे कितीतरी चांगले. असे उचललेले माउस माणसाला कमी घाबरतात, हे २०१० पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तातील ताणाची संप्रेरके वाढतात आणि प्रयोगाचे आकडेही बिघडतात. रॅटला शेपटीच्या टोकाशी कधीही धरू नये, कारण तेथील कातडी मोज्यासारखी सोलून निघते. त्याच्या खांद्यांभोवती तळहात सैलसर गुंडाळावा आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग तोलावा. ससा कानाला धरून उचलणे हा गुन्हा समजावा. सशाचे मागचे पाय अतिशय बळकट असतात आणि कणा त्या मानाने नाजूक असतो. मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्याने लाथ झाडली, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. गिनी पिग दचकला की एकदम ताठ होतो किंवा कळपासकट गोल गोल धावतो. त्याला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्या हाताने पार्श्वभागाखाली आधार द्यावा. गिनी पिगला माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. साध्या खाद्यातील हे जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जाते, म्हणून पोत्यावरील उत्पादनाची तारीख वाचल्याशिवाय पोते उघडू नये.

मुंबईची हवा या कामाची वेगळी परीक्षा घेते. देशातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोलीचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के ठेवायची असते, खोलीतील हवा तासाला १२ ते १५ वेळा बदलायची असते आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार हे चक्र मोडायचे नसते. जून ते सप्टेंबर बाहेरची आर्द्रता या मर्यादेच्या कितीतरी वर असते. यंत्रणा चालू असली तरी दाण्याची पोती भिंतीला टेकली, तर तळाशी ओल धरते आणि बुरशी येते. म्हणून पोती पॅलेटवर (जमिनीपासून उंच अशा फळ्यांच्या बैठकीवर), भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावीत आणि जुने पोते आधी संपवावे. दमट हवेत बेडिंगही लवकर ओले राहू लागते. मुतातील युरियावर जिवाणूंची क्रिया होऊन अमोनिया तयार होतो आणि तो प्राण्यांच्या नाकाच्या व श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतो. आपल्या नाकाला वास येईपर्यंत वाट पाहू नये. आपले नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते आणि माउसचे नाक थेट त्या बेडिंगवर असते.

वातानुकूलन बंद पडणे ही इथली मोठी आपत्ती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज एकाएकी गेली, तेव्हा ज्यांचे जनरेटर महिन्याच्या महिन्याला भार देऊन तपासलेले होते ते निर्धास्त राहिले असणार. बंदिस्त, स्वतंत्र वायुवीजनाच्या पिंजऱ्यांत प्राणी असतील, तर पंखा थांबल्यावर आतली हवा लवकर कोंदट होते. अशा पिंजऱ्यांची झाकणे केव्हा आणि कोणाच्या परवानगीने सैल करायची, हे आधीच लिहून भिंतीवर लावलेले असावे.

आवाजाकडे आपल्या शहरात फार दुर्लक्ष होते. माउस आणि रॅट यांना आपल्याला ऐकू न येणारे अतिउच्च कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. किल्ल्यांचा जुडगा, स्टीलच्या रॅकवर घासणारा पिंजरा, अर्धवट उघडा नळ, हे सगळे त्यांना कर्कश वाटते. त्यात गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये ढोल-ताशांचा गजर भिंतींतून जाणवतो आणि पाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात. नुकत्याच व्यायलेल्या माद्या अशा धक्क्याने पिल्ले टाकून देतात, क्वचित खाऊनही टाकतात. माउसची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची असते, म्हणून कॅलेंडर समोर ठेवून विसर्जनाच्या सुमारास बाळंतपणे येणार नाहीत अशी जोडी लावता येते. ते शक्य नसेल, तर त्या माद्या रस्त्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत आधीच हलवाव्यात, ऐन दिवशी हलवू नयेत.

स्वच्छतेचा अतिरेकही घातक ठरतो. पिंजरा पूर्ण पालटला की माउसची वासाची ओळख पुसली जाते आणि नरांच्या पिंजऱ्यात मारामारी उसळते. त्यामुळे बेडिंग बदलताना जुन्या घरट्याचा कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवावा. मुताने भिजलेला भाग मात्र ठेवू नये. पिल्ले झालेल्या पिंजऱ्याला पहिले दोन-तीन दिवस, अगदीच गरज नसेल तर, हात लावू नये. पिंजरे धुताना शेवटच्या पाण्याचे तापमान ८२ अंशांच्या आसपास पोहोचते की नाही, ते पाहावे. साबण राहिलेली बाटली हेही जनावर पाणी न पिण्याचे एक कारण असते. पिंजऱ्यातील गर्दीचा नियम पाठ असावा. २५ ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या प्रत्येक माउसला किमान ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा लागते. दिवसाचा क्रम नेहमी निरोगी, तरुण प्राण्यांपासून सुरू करावा, मग प्रयोगातील खोल्या घ्याव्यात आणि नव्याने आलेल्या, विलगीकरणातील प्राण्यांकडे शेवटी जावे. उलटा प्रवास करायचा झाल्यास अंघोळ करून कपडे बदलूनच परतावे. आपल्यामार्फत रोग एकीकडून दुसरीकडे जाऊ नये, याच कारणाने या कामातील माणसाने घरी पांढरे उंदीर, हॅमस्टर किंवा गिनी पिग पाळू नयेत.

स्वतःच्या शरीराची काळजी घेणे हा कामाचाच भाग आहे. माउस आणि रॅट यांच्या मुतातील प्रथिने वाळलेल्या बेडिंगच्या धुळीबरोबर हवेत उडतात आणि त्यांची ॲलर्जी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत जडते. आधी शिंका, डोळ्यांना खाज, मग रात्रीचा खोकला आणि दुर्लक्ष केले तर दमा, असा तिचा क्रम असतो. घाण बेडिंग टाकताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, एन-९५ लावावा. शिंका सुरू झाल्या की नोकरी जाईल या भीतीने लपवू नये. लवकर सांगणाऱ्याला बाटल्यांच्या किंवा खाद्याच्या विभागात हलवता येते. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, नोंद करावी आणि धनुर्वाताची लस चालू आहे का ते पाहावे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून कामावर येण्याची वेळ येते, आणि रस्त्यावरील उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा पायांनी थेट प्राण्यांच्या खोलीत जाऊ नये आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे. कामाचा गणवेश घरी धुवायला नेऊ नये. लोकलच्या डब्यातल्या शेजाऱ्यालाही त्या धुळीची ॲलर्जी असू शकते.

कागदपत्रांना नवीन मंडळी कंटाळतात, पण त्यांमागे कायदा उभा आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारची समिती नेमली जाते आणि १९९८ च्या नियमांनुसार संस्था नोंदणीकृत असावी लागते. प्रत्येक प्रयोगाला संस्थेतील प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत संस्थेबाहेरचे सदस्यही असतात. पिंजऱ्यावरील कार्डात जात, लिंग, जन्मतारीख, संख्या, प्रयोगाचा मंजुरी क्रमांक आणि जबाबदार संशोधकाचे नाव असते. कार्डावर चार आणि आत पाच प्राणी आढळले, तर ‘नंतर बघू’ म्हणू नये. एखादा विद्यार्थी मंजुरीत नसलेली सुई टोचताना दिसला किंवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढलेली गाठ घेऊन प्राणी फिरताना दिसला, तर पशुवैद्यकांना सांगणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे. कोणता त्रास दिसल्यावर प्रयोग थांबवायचा, हे मंजुरीच्या कागदातच लिहिलेले असते. तो कागद मागून घेऊन वाचावा. समोरचा माणूस शिकलेला आहे आणि आपण बारावी झालो आहोत, या संकोचाने गप्प बसलेले तंत्रज्ञ मी पाहिले आहेत, आणि त्या गप्प बसण्याची किंमत प्राण्याने मोजलेली पाहिली आहे.

काम कोठे मिळते, हे थोडक्यात. परळला १८९९ पासून असलेली हाफकिन संस्था, तिथलीच प्रजनन आणि बाल आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आणि खाजगी औषध कंपन्या, या सर्व ठिकाणांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना सुरुवात करणे सोपे जाते. मुलाखतीत ‘प्राण्यांची आवड आहे’ एवढेच सांगू नये. सणासुदीला आणि रविवारी पाळी करण्याची तयारी आहे, हे सांगावे, कारण प्राण्यांना सुट्टी नसते आणि नेमणूक करणाऱ्यालाही तेच जाणून घ्यायचे असते.

शेवटी ज्या भागाविषयी कोणी आधी बोलत नाही, तो मरणाचा. प्रयोग संपल्यावर बहुतेक प्राण्यांना वेदनारहित मरण द्यावे लागते आणि ते काम प्रशिक्षित, नेमून दिलेल्या माणसानेच करायचे असते. कार्बन डायऑक्साइडची पद्धत असेल, तर आधीच वायूने भरलेल्या डब्यात प्राणी कधीही टाकू नये. प्राणी आपल्या पिंजऱ्यातच असताना वायू हळूहळू, ठरलेल्या वेगाने सोडावा. श्वास थांबला म्हणजे मृत्यू झाला असे समजू नये, दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय मृतदेह हलवू नये. मृतदेह पिवळ्या पिशवीत जातो, ओल्या कचऱ्यात जात नाही. हे काम ज्या खोलीत होते, तिथे दुसरे जिवंत प्राणी ठेवू नयेत. ज्यांना आपण रोज नावाने नाही तरी क्रमांकाने ओळखत होतो, त्यांच्यासाठी त्या दिवशी मन जड होते. ते साहजिक आहे. त्या दिवशी पुढची पाळी दुसऱ्याला घ्यायला सांगावी, मलाही माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्यांदा तसेच घरी पाठवले होते.

संध्याकाळी निघताना मी अजून एक फेरी मारते. तापमापकावरील दिवसभराचा किमान आणि कमाल आकडा लिहिते, उजेडाचा टायमर पाहते, प्रत्येक नळीला बोट लावते आणि वहीत रात्रीच्या माणसासाठी फक्त त्या पिंजऱ्यांचे क्रमांक ठेवते, ज्यांच्याकडे सकाळपर्यंत दोनदा पाहायला हवे.