मराठवाड्याच्या पाण्यात चिनी चहा कसा करावा

हांगझोऊचा लोंगजिंग हा हिरवा चहा हौसेनं मागवला, बोअरच्या पाण्यात केला आणि तो गढूळ, बेचव निघाला, की दोष पत्तीला जातो. पत्ती बहुधा चांगलीच असते. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पातेल्याच्या तळाला पांढरं पुट चढतं ते त्याचंच. चहावर तेलकट पापुद्रा धरतो आणि वास दबतो. दूध-साखरेत हे झाकून जातं, नुसत्या पत्तीच्या चहात नाही. म्हणून जारचं आरओ पाणी घ्या. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, ५० ते १५० हवं. २०-३० भरलं तर चहा सपाट लागतो. मग लिटरमागे अर्धी वाटी बोअरचं पाणी मिसळून पुन्हा मोजा.

दुसरी चूक उकळीची. लोंगजिंग ही तापल्या कढईत दाबून परतलेली चपटी हिरवी पत्ती. तिला ८० अंशांचं पाणी पुरतं, खळखळतं ओतलं तर कडू होते. उकळलेलं पाणी एका स्टीलच्या तांब्यातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात ओता, की साधारण तेवढं निवतं. काचेच्या पेल्यात ३ ग्रॅम पत्ती टाका. आधी ती भिजेल एवढंच पाणी घालून पेला हलकेच फिरवा. फुटाण्यांच्या जवळ जाणारा खमंग वास वर आला पाहिजे. मग १५० मिलिपर्यंत भरा. दोन मिनिटांनी प्यायला घ्या. तळाशी एक तृतीयांश उरला की पुन्हा पाणी घाला. पेला कोरडा केलात तर पुढचा चहा फिका उतरतो.

फूजियानच्या आन्शीतला तिएग्वानयिन हा ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा, उलट्या स्वभावाचा. त्याच्या घट्ट वळलेल्या गोळ्या उलगडायला ९५ अंश लागतात. १०० मिलिला ५ ग्रॅम, पहिल्यांदा अर्धा मिनिट, पुढं दर वेळी दहा सेकंद जास्त; पाच-सहा वेळा सहज निघतो.

गॅसवर ठेवायचाच असेल तर युनानचा पिकवलेला, म्हणजे आंबवून मुरवलेला, पुअर चहा घ्या. ५ ग्रॅम पत्तीवर उकळतं पाणी ओतून ते पाणी दहा सेकंदांत फेकून द्या. मग तीच पत्ती अर्धा लिटर पाण्यात घालून ग्वांगडोंगमधल्या शिन्ह्वेची चेनपी, म्हणजे किमान तीन वर्षं मुरवलेली संत्र्याची साल, २ ग्रॅम टाकून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. जालन्याच्या मोसंबीची साल इथं चालत नाही. ते फळच वेगळं, वासही वेगळा.

मे महिन्यात लोंगजिंग हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका, नाहीतर पत्तीवर दव धरतं. पुअर मात्र फ्रिजबाहेरच, काळ्या मसाल्याच्या डब्यापासून लांब; पत्ती वास फार लवकर ओढते.