हजेरीच्या वहीतली 'जोडी'

पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेली आपली मुलंमुली इंदुरात पहिली नोकरी बहुधा एखाद्या ठेकेदाराकडेच धरतात. काम सरकारी असतं, म्हणजे ड्रेनेज लाइन, रस्ता, पाण्याची टाकी वगैरे, आणि पदाचं नाव 'साइट सुपरवायझर'. मीही रामबागेतल्या घरून डबा घेऊन अशीच पहिल्या दिवशी साइटवर गेले होते. लेव्हल मशीनला हात लावायला मिळायला चार महिने लागले. हजेरीची वही मात्र पहिल्याच सकाळी सात वाजता माझ्या हातात दिली गेली. नवीन माणसाला द्यायचं हलकं काम म्हणून ती देतात. मी आज सांगते की अख्ख्या साइटवर त्या वहीइतकं जड काम दुसरं नाही, कारण मजुराचा जो काही हक्क आहे तो पुढे त्या वहीतल्या ओळीवरच उभा राहतो किंवा पडतो.

आधी साखळी समजून घ्या. काम सरकारी संस्थेचं असतं. ते घेतो मुख्य ठेकेदार, तो त्याचे तुकडे पाडून पेटी ठेकेदारांना देतो, आणि पेटी ठेकेदार मेटला, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला, फोन करून सांगतो, "तीस माणसं घेऊन ये." मेट जोबट, कुक्षी, राणापूर या पश्चिमेकडच्या आदिवासी भागातला, बहुतेकदा मजुरांच्याच फळ्यातला, म्हणजे पाड्यातला. त्यानं आधी उचल दिलेली असते. त्यामुळे मजूर ओळखतो फक्त मेटला. ज्या संस्थेचं नाव साइटच्या फलकावर मोठ्या अक्षरात असतं, तिच्याशी आपलं काही नातं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बाहेरच्यांना वाटतं, रोजंदारी म्हणजे संध्याकाळी रोख पैसे. पीठ्यावरून, म्हणजे मजूर कामाच्या शोधात उभे राहतात त्या नाक्यावरून, एका दिवसापुरती आणलेली माणसं सोडली तर तसं होत नाही. टोळीला आठवड्याच्या हाटाला मिळते ती 'खर्ची': पीठ, तेल, मिरची आणि मोबाइलचं रिचार्ज एवढ्यापुरती. बाकीचं 'हिशेबात' राहतं. आणि हिशेब होतो भगोरियाच्या (होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासी भागात भरणाऱ्या हाट-मेळ्यांच्या) आधी किंवा दिवाळीच्या आधी. मधेच कुणी काम सोडून जाऊ नये म्हणून ही पद्धत पडली आहे, आणि सगळे ती इतकी सहज पाळतात की ती बेकायदा आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. कायद्यानं पगाराचा कालावधी एक महिन्यापेक्षा मोठा ठेवताच येत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. तीन-तीन महिने अडकवलेला हिशेब कुठल्याच कलमात बसत नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये, होळीच्या आधीच्या आठवड्यात, आमचा पेटी ठेकेदार आला नाही. फोन बंद. सहा आठवड्यांचा हिशेब बाकी होता. माणसं गाठोडी बांधून तयार बसली होती, भगोरियाला गावी जायचं होतं, पोरांना कपडे घ्यायचे होते. मुख्य ठेकेदाराच्या ऑफिसात सांगितलं, "आम्ही त्याचे पैसे केव्हाच दिले." ज्यांचं काम होतं त्या कार्यालयात सांगितलं, "ही आमची माणसंच नाहीत, आमचा करार ठेकेदाराशी." दोन्ही उत्तरं ऐकून मी गप्प परत आले, कारण मला तेव्हा दोन्ही खरी वाटली होती.

ती खरी नव्हती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१ तेव्हा लागू होतं. त्यात सरळ लिहिलं आहे की ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मुख्य मालकानं, म्हणजे ज्या संस्थेचं काम आहे तिनं, द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वसूल करून घ्यायचा. इतकंच नाही, पगार वाटताना मुख्य मालकाचा माणूस समोर हजर असला पाहिजे आणि रक्कम वाटल्याची सही त्यानं केली पाहिजे. आमच्या साइटवर असा माणूस सात महिन्यांत एकदाही आला नव्हता. माझ्या मैत्रिणीचे वडील वकिलीत होते, त्यांनी मला हे कलम दाखवलं आणि म्हणाले, "अर्ज कर. पण आधी वही आण."

मध्य प्रदेशाच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळला नसून आपल्या इंदुरातच आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्ही श्रम कार्यालयात अर्ज दिला. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. अर्जाची एक प्रत ज्यांचं काम होतं त्या कार्यालयालाही दिली. परिणाम मी कल्पना केली होती त्यापेक्षा लवकर झाला. मुख्य ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं बिल, अडलं, आणि 'आम्ही केव्हाच दिले' म्हणणारी मंडळी स्वतःहून बोलायला आली.

मग हिशेब वहीवरून सुरू झाला, आणि तिथे माझी चूक उघडी पडली.

आमच्या वहीत नऊ ओळींपुढे 'जोडी' असं लिहिलेलं होतं. नवरा-बायको मिळून काम करतात, दर जोडीचा ठरतो, आणि वहीत नाव फक्त नवऱ्याचं. आधीच्या सुपरवायझरनं तसं लिहिलं होतं, मेटनंही तसंच सांगितलं, मीही तसंच लिहीत गेले. अधिकाऱ्यांनी ओळी मोजल्या. सव्वीस नावं, इतके दिवस, अकुशल कामगाराचं किमान वेतन, गुणिले. सव्वीस माणसांचे पैसे निघाले. चरातली माती डोक्यावरून काढणाऱ्या नऊ बायका त्या गणितात कुठेच नव्हत्या. मी माझी खिशातली डायरी काढली. तिच्यात मी रोज संध्याकाळी नुसती एकूण माणसं लिहायची: ३५, ३५, ३४, ३५. अधिकाऱ्यांनी दोन्ही समोर ठेवून विचारलं, "सव्वीस आणि पस्तीस यांच्यामधले हे नऊ कोण?" अक्षर दोन्हीकडे माझंच होतं.

त्या फरकामुळे बायकांचा वेगळा अर्ज घेतला गेला, पण जबाब द्यायला प्रत्येकीनं स्वतः यायचं होतं. तोवर टोळी पांगली होती. हिशेब झाल्यावर पुष्कळजण गुजरातेत, बडोदा-सुरतेच्या साइटवर गेले. किमान वेतनाच्या दाव्याला तेव्हा मुदत फक्त सहा महिन्यांची होती. दोघी आल्या. एकीच्या कडेवर लहान मूल होतं, अंगठा लावताना तिनं ते माझ्याकडे दिलं. त्या दोघींना पावसाळ्यानंतर पैसे मिळाले. सातजणींना मिळाले नाहीत.

माझे आजोबा हुकूमचंद मिलमध्ये होते. मिल १९९२ मध्ये बंद पडली. थकलेल्या देण्याचा २२४ कोटींचा चेक ४,८०० कामगारांसाठी दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ ला. आजोबा तोवर राहिले नाहीत. एकतीस वर्षं हा काही न्यायाला शोभणारा काळ नाही, आणि मी त्याचं कौतुक करणार नाही. पण इतक्या वर्षांनीसुद्धा वारसांना काही मिळू शकलं, कारण मिलच्या रजिस्टरात त्यांचं नाव, बापाचं नाव आणि नोकरीला लागल्याची तारीख होती. जोडीतल्या बाईकडे सहा महिन्यांनीही ते नव्हतं.

म्हणून तुम्ही वही हातात घ्याल तेव्हा 'जोडी' हा शब्द लिहूच नका. प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळ करा. बाईच्या नावापुढे तिचं गाव, तिचा मोबाइल, तिचं बँक खातं. मेट नाराज होईल, सांगेल की अशी पद्धत नाही. त्याला शांतपणे सांगा की स्त्री आणि पुरुषाला एकाच कामासाठी वेगळा पगार देता येत नाही. हे १९७६ पासूनच्या समान वेतन कायद्यात होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. पेन्सिलीनं हजेरी भरू नका. आणि पैसे हातात पडण्याआधी पगारपत्रकावर अंगठे घेऊन ठेवायची जी सवय साइटवर असते, तिच्यात सामील होऊ नका. 'आत्ता सगळे आहेत तर घेऊन टाक' असं फार गोड शब्दांत सांगतात. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढा आणि तो टोळीतल्या निदान दोघांच्या मोबाइलवर पाठवा. मी दुसऱ्या साइटवर हे सुरू केलं तेव्हा तिसऱ्याच दिवशी एका पोरानं येऊन सांगितलं, "दीदी, मंगळवारी मी होतो, तुम्ही खाडा लावलाय." तो बरोबर होता.

कायद्यांची नावं आता बदलली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा त्यांत विरघळला. कंत्राटी कामगारांची तरतूद आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. ही तरतूद ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होते. केंद्राच्या जुन्या कायद्यात हा आकडा २० होता, म्हणजे लहान टोळ्या बाहेर पडल्या, आणि हे मला चुकीचं वाटतं. पण मुख्य मालकाची जबाबदारी कायम आहे, ठेकेदाराच्या सुरक्षा ठेवीतून पगार द्यायचा आदेशही सरकार काढू शकतं, आणि पगार शक्य तिथे बँकेतून किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंच द्यायचा आहे. वेतन संहिता तर एकाच माणसालाही लागू होते. तिच्यातल्या दोन गोष्टी पाठ करा. दाव्याची मुदत आता तीन वर्षं आहे. आणि पगार मिळाला नाही असा दावा केला, तर तो दिला होता हे सिद्ध करणं मालकाकडे आहे. २०१९ मध्ये हे असतं तर त्या नऊजणींची गोष्ट वेगळी झाली असती.

'ही आमची माणसं नाहीत' हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच दिलेलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामं चालू होती, मजूर ठेकेदारांचे, आणि त्यांना आणणारे जमादार रोजच्या ९.२५ रुपयांतला एक रुपया स्वतः ठेवत. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे, आणि ठेकेदार मधे आहे म्हणून सरकारला जबाबदारी झटकता येत नाही. मी हा निवाडा हिंदीत वाचून दाखवला तेव्हा एक म्हातारा मजूर पहिल्यांदा 'एक रुपया?' एवढंच म्हणाला. आता मेट किती ठेवतो हे त्यानं सांगितलं नाही, मीही सगळ्यांसमोर विचारलं नाही.

मजुरांना खोटी आशा मात्र दाखवू नका. 'सरकारी कामावर दहा वर्षं झाली, आता पर्मनंट करतील' हे साइटवर फार ऐकू येतं. सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी आणि २००६ च्या उमादेवी या निकालांनंतर आपोआप कायम होण्याचा रस्ता जवळपास बंद आहे. पगार, दुप्पट दरानं ओव्हरटाइम, अपघाताची भरपाई हे मागायचे हक्क आहेत आणि ते मिळतात. नोकरी कायम होणं वेगळं.

पीएफ कापला जात असेल तर उमंग अॅपवर मजुरासमोर पासबुक उघडून बघा; कापलेला पैसा भरलेलाच नाही असं मी तीन साइटवर पाहिलं आहे. आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून द्या. १८ ते ६० वय, वर्षात ९० दिवस काम, एवढंच लागतं. बांधकामाच्या खर्चातला १ टक्का उपकर याच मंडळात जातो, म्हणजे एक कोटीच्या कामामागे एक लाख. पण नोंदणीच नसेल तर त्या मजुराला त्यातलं काही मिळत नाही. अर्जासाठी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनिहाय ओळख) मागतात आणि तिच्यावरचं नाव पुष्कळदा आधारशी जुळत नाही. अर्धा वेळ त्यातच जातो, तेवढी तयारी ठेवा.

तक्रार कुठे करायची यात नवी मुलं चुकतात. महापालिका, राज्याचं बांधकाम खातं असेल तर राज्याचं श्रम कार्यालय. रेल्वे किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राची श्रम यंत्रणा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, आणि बाईला तर उत्पन्न न विचारता.

आणि तुम्ही स्वतः. सुपरवायझरही त्याच साखळीत आहे. नेमणूकपत्र मागा, आता ते देणं बंधनकारक आहे. नोकरी सोडलीत तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण पैसे मिळायला हवेत. मी अर्ज केल्यावर मला तिथे फार दिवस ठेवलं नाही, आणि माझा शेवटचा महिना मी मागितलाच नाही, कारण तोही मागता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

ती खिशातली डायरी माझ्याकडे आहे. आलेल्या त्या दोघींकडून मी बाकीच्या सातजणींची नावं विचारून घेतली आणि शेवटच्या पानावर लिहिली, नावापुढे गाव आणि कामाचे दिवस. त्यांचं देणं आता कुठल्याच मुदतीत बसत नाही. नव्या साइटवर पहिल्या दिवशी वही आखायला बसते तेव्हा ते पान मी शेजारी उघडून ठेवते आणि रकाने त्यावरून पाडते.